कुठून आलात, कुठे निघालात

सेमोंकोंगहून निघालो तेव्हा
ब्रेकच्या दांड्यांवर दहिवर गोठलं होतं.
न्थाबेलेंग म्हणाली, बोटं मोजून ठेव,
संध्याकाळी परत मोजायचीत.
मी बँकेत दिवसभर मोजतच असते,
म्हणून हसले.

पहिला चढ गाढवांचा.
लोकरीचे गठ्ठे वाहता वाहता त्यांनीच पाडलेली वाट,
दोन खुरांएवढी रुंद,
काळा दगड झिजून मधोमध पन्हळ झालेली.
सगळ्यात हलका गिअर, तरी माझा भाता फुटायला आलेला,
आणि शेजारून एक बाई गेली
डोक्यावर पिठाची गोणी,
पाठीशी बांधलेलं मूल झोपलेलं.
लुमेला, म्हणाली,
आणि वळणाआड दिसेनाशी झाली.
न्थाबेलेंग बराच वेळ काही बोलली नाही.

खिंडीत वारा.
इथून पुढे डोंगर संपतच नाहीत,
घडी न केलेल्या घोंगड्यांसारखे पडलेत
एकावर एक, कडेला जुनं बर्फ,
आणि खूप खाली एका वस्तीभोवती
पीचची झाडं अशी गुलाबी
की कुणीतरी ओरडतंय असं वाटावं.

मग उतार.
कोपरं बाहेर, गुडघे सैल, कंबर मागे.
दगडाकडे बघू नकोस, ती मागून ओरडते,
बघशील तिथेच जाशील!
मी दगडाकडे बघितलं.

काही लागलं नाही.
गिअरचा आकडा तेवढा मोडून
साखळीला लोंबत होता
दुधाच्या दातासारखा.

तो घोड्यावर होता.
छातीशी पिन लावलेलं घोंगडं, पायांत गमबूट,
मागे चाळीसेक मोहेर शेळ्या आणि दोन कुत्री
ज्यांना आम्ही पसंत नव्हतो.
कुठून आलात? त्याने रीतीप्रमाणे विचारलं.
सेमोंकोंगहून.
कुठे निघालात?
सेमोंकोंगला.
तो विचारात पडला.
काही विसरलं होतं का?

आम्ही एकमेकींकडे बघितलं.
एवढा डोंगर चढून उतरून
आमच्यापाशी त्याला द्यायला उत्तर नव्हतं.

नाव लेबुसा. वय पंधरा, किंवा चौदा.
एक खिळा, एक चपटा दगड, एक गोल दगड,
आणि साखळीतली दहा-बारा दातं त्याने अशी काढली
जशी मेंढीच्या खुरातून काडी काढावी,
मान वाकडी करून, जीभ दातांत धरून.
आता एकच गिअर, म्हणाला, घोड्यासारखा.
पैसे नको.
एक फेरी.

लगाम माझ्या हातात आला.
गमबूट पेडलवर, घोंगडं पंखासारखं फुगलेलं,
आणि लेबुसा सरळ खाली गेला,
त्याचा आवाज आधी, मग तो, मग नुसती धूळ.

शेळ्या माझ्याकडे बघू लागल्या.
एका कुत्र्याने सुस्कारा सोडून
माझ्या बुटावर हनुवटी टेकली.
घोडा ऊबदार होता. त्याने मानेवर मान ठेवली
आणि मी हलले नाही
पाऊण तास असेल,
कळपाची मालकीण,
कुठूनही न आलेली, कुठेही न निघालेली.

तो चढावर सायकल ढकलत आला.
कोपर सोललेलं, सगळे दात दिसत होते.
आंधळी आहे ही, म्हणाला,
घोडा स्वतः वाट बघतो,
हिला प्रत्येक दगड आपण दाखवायचा!
आणि सायकलच्या पुठ्ठ्यावर थोपटलं,
जसं जनावराला थोपटतात
कामावरून सोडताना.

एका गिअरवर परतायला अंधार पडला.
चढ पायी, उतार हळू.
भेटलेल्या प्रत्येकाने विचारलं, कुठून, कुठे,
आणि न्थाबेलेंग दर वेळी वेगळं सांगत गेली:
लग्नाहून. दवाखान्याला. हरवलेली शेळी शोधायला.
शेवटच्या वेळी मीच म्हणाले, लेबुसाकडून,
आणि समोरचा म्हातारा म्हणाला, बरा आहे ना तो?

बोटं दहाच्या दहा.
नखांत काळं तेल, ते ब्रशने गेलं.
घोडा गेला नाही.
सोमवारी मासेरूत, काचेच्या भोकातून
नोटा सरकवल्या एका टोपीवाल्या आजोबांना.
त्यांनी त्या मोजल्या नाहीत,
नाकाशी धरल्या.
डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं.
तांबूस, म्हणाले,
की राखाडी?